शुक्रवारचं गाणं, शनिवारची पाराशा

नोहाच्या आठवड्यात मी ‘ये रे ये रे पावसा’ म्हणत घरभर नाचले, म्हणून आजीने मला धपाटा घातला होता. सात वर्षांची असेन. ठाण्यातलं आमचं घर, ऑक्टोबरचा उकाडा, आजी तांदूळ निवडत बसलेली. “चाळीस दिवस नि चाळीस रात्री पडलाय तो, सगळी दुनिया बुडवलीय, आणि तू त्याला पैसा देऊन आणखी बोलावतेस होय गं?” असं म्हणत तिने सूप बाजूला सारलं, कपाटातून एक लांबोळकी वही काढली आणि नोहाच्या पानावर लिहिलं : ‘ये रे ये रे पावसा. नातीने सुचवलेलं. चूक.’

चूक म्हणून लिहिलं, पण लिहिलं. वही आता माझ्याकडे आहे. किराणा दुकानात उधारीसाठी वापरतात तसली, लाल कापडी बांधणीची. प्रत्येक पानाच्या माथ्यावर आमच्या धर्मग्रंथाच्या, तोराच्या, एका पाठाचं नाव आणि खाली गाणी. काही पानांवर पाच-सहा, बहुतेक खोडलेली. काहींवर एकच. एका पानावर एकही नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांच्यापासून आम्ही, असं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. कोकणात घाण्यावर तेल गाळायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने आम्हाला ‘शनिवार तेली’ नाव दिलं. आडनावं पेणकर, दिवेकर, नवगावकर, घरात बोली मराठी, आणि शनिवारी सकाळी सिनेगॉग. आजी सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणायची. आमच्यातली सगळी जुनी माणसं तसंच म्हणत.

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. तिचे ५४ भाग पाडलेले आहेत. एका भागाला पाराशा म्हणायचं. दर शनिवारी एक पाराशा वाचत वर्षभरात अख्खी तोरा संपवायची, आणि जगात कुठेही गेलात तरी त्या शनिवारी जवळपास तीच पाराशा चालू असते. पण साध्या वर्षात इतके मोकळे शनिवार नसतात, काही सणांनी अडवलेले असतात, म्हणून काही पाराशा जोडीने उरकतात. अधिक महिना आला की जोड्या सुटतात. हो, अधिक महिना यहुदी पंचांगातही आहे, १९ वर्षांत ७ वेळा. आपल्या पंचांगाचा हिशेबही साधारण तसाच बसतो, आणि या योगायोगाशी आजीच्या वहीचा थेट संबंध आहे.

कारण वही सुरू झाली पुण्यात, ‘गीतरामायणा’मुळे.

आजी-आजोबा तेव्हा रास्ता पेठेत दोन खोल्यांत राहायचे. १ एप्रिल १९५५ ला रामनवमी होती. शुक्रवार. सकाळी पावणेनऊला पुणे आकाशवाणीवर गदिमांचं आणि सुधीर फडक्यांचं पहिलं गीत लागलं. शुक्रवार म्हणजे आमच्याकडे घाईचा दिवस, सूर्य मावळायच्या आत शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचा, सगळा स्वयंपाक उरकायचा असतो. त्यात ती वल्हांडणाच्या आधीची शुक्रवार-सकाळ, सण पुढच्याच गुरुवारी. घर उलथंपालथं, डबे घासायला काढलेले. आमच्याकडे रेडिओ नव्हता. शेजारच्या घरात होता आणि भिंत पातळ होती. आजी सांगायची, “हातात राखेचा बोळा होता नि मी तशीच उभी राहिले.” दुसऱ्या दिवशी सिनेगॉगमध्ये वाचायची पाराशा होती ‘त्साव’ : वेदीवरचं होमार्पण, चरबी, आणि याजकाने सकाळी उठून वेदीवरची राख कशी काढायची याचे नियम. आजीच्या हातातल्या बोळ्याशी जुळणारं तेवढंच. बाकी कोरडं शास्त्र.

शनिवारी तेच गीत पुन्हा लागलं. शब्बाथला रेडिओ लावायचा नाही, पण भिंतीपलीकडून आलेलं ऐकायचं नाही असं कुठे लिहिलेलं नाही. आजोबा सिनेगॉगमधून परतले तेव्हा आजीने त्यांना विचारलं म्हणे, “त्यांच्या रामाची गोष्ट आठवड्याला एक गाणं करून सांगणार आहेत. आपल्या मोशेची का नाही सांगत कुणी?” आजोबांचं उत्तर मला पाठ आहे, कारण आजी ते त्यांची नक्कल करून सांगायची : “आपली गातातच की. तू वरच्या माडीवर बायकांशी बोलत असतेस, ऐकत नाहीस.”

हे टोमणा म्हणून ठीक होतं आणि खरंही होतं. तोरा नुसती वाचत नाहीत. चामड्यावर हाताने लिहिलेल्या गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, विरामचिन्हं नसतात, सुरांच्या खुणाही नसतात. नुसती व्यंजनं. कोणत्या शब्दाला कोणती चाल हे वाचणाऱ्याने आठवडाभर बसून घोकलेलं असतं, आणि एक शब्द चुकला तर बाकावरून कुणीतरी म्हातारा मोठ्याने दुरुस्त करतो. हे सगळं आजीला माहीत होतं. तिची तक्रार वेगळी होती. हिब्रू तिला अक्षरं जुळवत वाचता येई, कळत नसे. सूर कानावर पडे आणि अर्थ नंतर मराठी शास्त्रात शोधावा लागे. गदिमांच्या गाण्यात दोन्ही एकदम मिळत होतं.

मग तिने स्वतःच उद्योग सुरू केला. दर शुक्रवारी येणारं गीत आणि दुसऱ्या दिवशीची पाराशा, यांचं कुठे जुळतं का बघायचं. बहुतेक वेळा काडीचं जुळत नसे. तिकडे सीता स्वयंवर, इकडे मिसराच्या, म्हणजे इजिप्तच्या, पीडा असलंही नाही, कारण दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी सुरू झालेल्या. पण गीतं ५२ व्हायची ती ५६ झाली, त्या वर्षी अधिक मास पडला म्हणून, आणि १९५६ च्या एप्रिलमध्ये मालिका संपली तेव्हा आजीला सवय लागून गेली होती. त्यानंतर तिने रामायणाचं कुंपण काढून टाकलं. भावगीतं, नाट्यपदं, बिनाका, सिनेमा, काहीही चालेल. पाराशेला शोभलं पाहिजे.

आजीला हे सुचलं यात नवल काहीच नाही, आमच्याकडे याची वाट जुनी आहे. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायलांनी कीर्तनं सुरू केली. टाळ, पेटी, पूर्वरंग, उत्तररंग, साक्या, दिंड्या, आर्या, सगळा थाट हरिकीर्तनाचा आणि आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. लोकांना हिब्रू येत नव्हतं, मराठी चाली येत होत्या. मला या कीर्तनांबद्दल आपल्याकडे जे भारावून बोललं जातं ते फारसं पटत नाही. ‘दोन संस्कृतींचा संगम’ वगैरे. तसा संगम कुणी ठरवून केला नव्हता. घरात जे भांडं होतं त्यात दूध तापवलं, इतकंच.

वहीतली पहिली मोठी खाडाखोड ‘लेख लेखा’च्या पानावर आहे. ‘आपला देश, आपलं गणगोत, बापाचं घर सोडून नीघ,’ असं देव अब्राहामाला सांगतो ती पाराशा. तिथे आजीने ‘चल अकेला’ लिहिलं होतं, ‘संबंध’ सिनेमातलं, मुकेशचं. ते आडव्या रेघेने खोडून खाली लिहिलंय : ‘एकटा कुठला? बायको, पुतण्या, गडीमाणसं, गुरंढोरं. सामान साराने बांधलं असेल.’ तिच्या दोन्ही नणंदा साठीच्या दशकात इस्रायलला गेल्या, एक दिमोनाला, एक लोदला. दोघींच्या ट्रंका आजीनेच भरल्या होत्या. त्या पानावर पुढे दुसरं गाणं नाही.

या खाडाखोडीवरून तिचा नियम माझ्या लक्षात आला. तिने तो कधी शब्दांत सांगितला नाही. विषय जुळून भागत नाही. पाऊस आहे म्हणून पावसाचं गाणं, प्रवास आहे म्हणून प्रवासाचं, हे सात वर्षांच्या मुलीचं काम. आजी शोधायची ते वेगळंच. पाठात जो माणूस हजर आहे पण बोलत नाही, त्याचं गाणं.

‘गीतरामायणा’ची हीच तर गंमत होती. प्रत्येक गीत कुणाच्या ना कुणाच्या तोंडी. शिळेतून उठलेली अहल्या स्वतः गाते, नावाडी गातात. तोरा याच्या अगदी उलट. माणसांच्या मनात काय चाललंय ते ती सांगतच नाही. कोण कुठून निघाला, किती दिवसांनी पोचला, काय म्हणाला, बास. जिथे माणूस सर्वांत जास्त हललेला असणार तिथे मजकूर सर्वांत कमी.

‘वायेरा’ घ्या. एकाच पाराशेत दोन अब्राहाम आहेत. पहिला सदोमसाठी देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर शहर वाचवशील? पंचेचाळीस? चाळीस? तीस? वीस? असं करत मंडईतल्या गिऱ्हाइकासारखा दहावर आणतो. एक पुतण्या सोडला तर ती माणसं त्याची कोणी लागत नव्हती. चार अध्याय पुढे देव म्हणतो, तुझा मुलगा, तुझा लाडका इसहाक, मला अर्पण कर. आणि हा घासाघीस करणारा माणूस पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो, निघतो. एक शब्द नाही. तीन दिवस चालतात. मुलगा एकदाच विचारतो : विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठाय? बाप म्हणतो, देव बघेल. त्यानंतर इसहाक त्या डोंगरावर काही बोलत नाही. देवदूत हाक मारून बापाला थांबवतो, एडका सापडतो, सुटका होते, आणि ‘अब्राहाम आपल्या चाकरांकडे परत आला’ असं वाक्य येतं. मुलगा परत आला का? लिहिलेलं नाही. पुढची पाराशा उघडते ती ‘साराचं आयुष्य’ या शब्दांनी, आणि पहिल्याच ओळींत सारा मरते, १२७ वर्षांची होऊन.

आजीच्या वहीत वायेराच्या पानावर तीन गाणी आहेत आणि तिन्ही खोडलेली. चौथी नोंद माझी, माझ्या अक्षरात, ती गेल्यानंतरची.

गंमत म्हणजे या पाराशेवर विसाव्या शतकातल्या दोन मोठ्या यहुदी गीतकारांनी चार वर्षांच्या अंतराने गाणी केली. कॉलेजात असताना भावाने कुठून तरी बॉब डिलनची कॅसेट पैदा केली, त्यात १९६५ चं ‘हायवे सिक्स्टी-वन रिव्हिजिटेड’ होतं. देव एबला, म्हणजे अब्राहामाला, सांगतो मुलगा मार, आणि एबला वाटतं हा आपली फिरकी घेतोय. त्या गाण्यातला बाप निदान तोंड तरी उघडतो, उलटून बोलतो. बलिदान कुठे करायचं? तर त्या महामार्गावर. डिलन ज्या दुलुथ गावात जन्मला तिथून तेव्हा दक्षिणेकडे जाणारा तो रस्ता, आणि त्याच्या स्वतःच्या वडिलांचं नाव एब्राम. मला ते गाणं तेव्हा निव्वळ टवाळी वाटलं होतं. वडिलांचं नाव कळल्यावर पुन्हा ऐकलं आणि वाटलं, टवाळी करणारा मुलगा आहे हा. बापाच्या नजरेला नजर न देता बोलायचं असलं की मुलं विनोदच करतात.

दुसरं लेनर्ड कोहेनचं, १९६९ चं ‘स्टोरी ऑफ आयझॅक’. माझ्या लेकीने ऐकवलं. इसहाक स्वतः सांगतोय, नऊ वर्षांचा. दार उघडून बाप खोलीत येतो तिथपासून. बाप केवढा उंच दिसत होता, डोंगर चढताना काय दिसलं, हे सगळं मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. तोराने जे तीन दिवस एका ओळीत आटोपले त्यात हा माणूस शिरतो आणि तिथेच बसतो. गाण्याच्या उत्तरार्धात तो मोठा होतो आणि आजही मुलांसाठी वेद्या बांधणाऱ्यांना सांगतो, आता पुरे. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण मी उठून वही काढली आणि वायेराच्या पानावर लिहिलं. तिला इंग्रजी फार कळत नसे. तरी हे तिने खोडलं नसतं.

त्याच अध्यायात एक शब्द तीनदा येतो : ‘हिनेनी’. हा मी, इथे आहे. देव हाक मारतो तेव्हा अब्राहाम म्हणतो, मुलगा हाक मारतो तेव्हाही तोच शब्द म्हणतो, देवदूतालाही तोच. तिघांना एकच उत्तर देणाऱ्या माणसाची काय ओढाताण झाली असेल! २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये कोहेनचा हयातीतला शेवटचा अल्बम आला, ‘यू वाँट इट डार्कर’, आणि नावाच्याच गाण्यात हा शब्द आला, त्याच्या लहानपणीच्या माँट्रिअलच्या सिनेगॉगमधला गायक आणि तिथला गायकवृंद मागे घेऊन. ७ नोव्हेंबरला तो गेला. १९ नोव्हेंबरचा शनिवार वायेराचा होता. त्या दिवशी वाचणाऱ्याने ‘हिनेनी’ म्हटलं तेव्हा मी वरच्या गॅलरीत कठडा घट्ट धरून उभी होते, एका कॅनडाच्या गायकासाठी, ज्याला मी कधी पाहिलेलं नव्हतं.

वायेरातच आणखी एक गोष्ट आहे, ती मला गाण्याच्या शोधात सापडली. तोराच्या चालीत एक सूरचिन्ह आहे, शालशेलेत, म्हणजे साखळी. छापील पुस्तकात ते विजेच्या रेघेसारखं नागमोडी दिसतं. अनेक परंपरांत त्यावर लांब, वरखाली जाणारी तान घेतात. अख्ख्या तोरात ते फक्त चार वेळा येतं. सदोम जळणार हे कळूनही अब्राहामाच्या पुतण्याचा, लोटाचा, पाय निघत नाही, त्या ‘तो रेंगाळला’ शब्दावर. अब्राहामाचा चाकर इसहाकासाठी मुलगी शोधायला गेला आणि प्रार्थनेला तोंड उघडतो, त्या ‘तो म्हणाला’वर. योसेफाच्या मिसरी धन्याची, पोटीफराची, बायको योसेफाला ‘माझ्याबरोबर नीज’ म्हणते तेव्हाच्या ‘त्याने नकार दिला’वर. आणि मोशे भावाच्या दीक्षेचा एडका कापतो तिथे. जुन्या टीकाकारांचं म्हणणं असं की चारही ठिकाणी माणूस आतून अडखळलाय. योसेफाचंच बघा. अक्षरं सांगतात, नकार दिला. एका शब्दात विषय संपला. तान सांगते, एवढं सोपं नव्हतं रे बाबा.

म्हणजे ज्या कुणी पहिल्यांदा चाली बांधल्या तेही आजीचंच काम करत होते.

योसेफाच्या गोष्टीवर आजीचा फार जीव. चार पाराशा तिच्यातच जातात. भावांनी खड्ड्यात टाकलं, विकलं, मिसरात तो मोठा अधिकारी झाला, दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला दारात आले. ‘वायिगाश’मध्ये तो ओळख देतो आणि रडत म्हणतो, दुःख करू नका, तुम्ही नाही, देवाने मला इकडे पुढे पाठवलं. या पानावर वहीत एकच गाणं आहे, न खोडलेलं, दोनदा अधोरेखित : ‘पराधीन आहे जगती’. चित्रकूटावर भरताची समजूत काढणारा राम. आईचा दोष नाही, बापाचा नाही, कुणाचाच नाही. भाऊ भावाला सांगतोय, आणि ज्याचं सगळं गेलं तोच समजूत घालतोय. मला वाटतं या एका जोडीसाठी आजीने पुढची तीस वर्षं वही चालवली.

पण मी तिच्याशी भांडायचे. राम भरताला हे लगेच सांगतो, मनात आढी नाही. योसेफाने त्याआधी भावांना हेर ठरवलं, एकाला कैदेत ठेवलं, धाकट्याच्या गोणीत चांदीचा प्याला लपवून त्याला चोर केलं, दोन वेळा मिसरच्या वाऱ्या करायला लावल्या. आणि मग म्हणतो, तुमचा दोष नाही! आजी म्हणायची, “राम देव आहे गं. योसेफ माणूस. माणसाला तिथे पोचायला वेळ लागतो.” यहुदी बाईने इतक्या सहज रामाला देव म्हणावं हे मला तेव्हा खटकलंही नाही. रास्ता पेठेतली भिंत पातळच होती.

‘बेशालाख’ला सिनेगॉगमध्ये समुद्राचं गीत वाचतात. त्या शनिवारचं नावच ‘शाब्बाथ शिरा’, गाण्याचा शब्बाथ. गुंडाळीत ती ओळ-ओळ विटा रचल्यासारखी, मध्ये मोकळ्या जागा सोडून लिहितात. काही ठिकाणी त्या आठवड्यात पाखरांना दाणे घालायची चाल आहे. आता जिथे पाठातच लोक गातायत, मोशेची बहीण मिर्याम डफ घेऊन नाचतेय, तिथे वेगळं गाणं कशाला? आजीने मात्र समुद्र दुभंगायच्या आधीचा क्षण पकडलाय. मागे फारोचे रथ, पुढे पाणी, आणि लोक मोशेवर ओरडतायत, मिसरात काय कबरी नव्हत्या म्हणून आम्हाला इथे मरायला आणलंस? तिथे तिने लिहिलंय, ‘नकोस नौके परत फिरू’. शेजारी पेन्सिलीने : ‘आमच्यासाठी दर्या दुभंगला नाही. गलबत दुभंगलं.’

लेवीय पुस्तकात तिची पंचाईत झालेली दिसते. ‘ताझरिया’ आणि ‘मेत्सोरा’ म्हणजे कातडीचे रोग, त्यांची तपासणी, आणि घराच्या भिंतीला लागलेली हिरवट-तांबूस बुरशी, जी बघायला याजकाला बोलवायचं. ‘रेडिओ बंद,’ एवढीच नोंद. (ठाण्यात चार पावसाळे काढलेल्या कुणालाही ती बुरशी परिचयाची आहे. याजक येत नाही, घरमालकही येत नाही.) पुढच्या, गणनेच्या पुस्तकातली ‘नासो’ ही सर्वांत लांब पाराशा, १७६ वचनं, पण तिच्यात तीन ओळींचा याजकांचा आशीर्वाद आहे, जो शुक्रवारी संध्याकाळी आई-बाप मुलांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात. डिलनचं ‘फॉरेव्हर यंग’ त्याच आशीर्वादाच्या वळणाने सुरू होतं. ते मी लिहिलं. आजीने आधीच लिहून ठेवलं होतं : ‘कोणतीही अंगाई.’

तर ते रिकामं पान. ‘शेमिनी’. वेदीचं उद्घाटन, सात दिवस चाललेला सोहळा आठव्या दिवशी पुरा होतोय, आणि मोशेच्या भावाचे, आहरोनाचे, दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, नको तो विस्तव घेऊन पुढे जातात आणि जागच्या जागी जळून मरतात. मोशे काहीतरी धर्माचं बोलतो. मग दोन शब्द : ‘आणि आहरोन गप्प राहिला.’ पानावर माथ्याला पाराशेचं नाव, सुंदर अक्षरात. खाली काही नाही. खोडलेलंही नाही.

बरीच वर्षं मला वाटायचं, लेवीय आहे, कंटाळली असेल. मग मी भरायचा प्रयत्न केला. विरहाची, मरणाची, बापलेकांची गाणी धुंडाळली. प्रत्येक गाणं फार बोलत होतं. गाणं असतं तसंच, त्याला दुसरं काय येणार! शेवटी आत्याला विचारलं. ती म्हणाली, “तुझ्या बाबाच्या आधीचा एक होता,” आणि चहा टाकायला आत गेली.

मी ते पान तसंच ठेवलंय.

‘देवारीम’ची पाराशा येते ती बिर्ड्याच्या सणाआधीच्या शनिवारी. यरुशलेमचं मंदिर पडलं त्याचा शोक, अब महिन्याची नवमी. बाकीच्या यहुदी जगात तिला तिशा बाव म्हणतात. आमच्यात बिर्ड्याचा सण, कारण जेवणात वालाचं बिरडं. शोकदिनाला पदार्थाचं नाव देणारे आम्हीच. त्या सुमारास १३७ वं स्तोत्र म्हणतात, बाबेलच्या नद्यांकाठी आम्ही बसलो आणि रडलो. पकडून नेणारे म्हणतात, तुमच्या सियोनाचं, यरुशलेमचं, एखादं गाणं म्हणा की. परक्या मुलखात कसं म्हणायचं? आणि हे, गाता येत नाही असं सांगणारं गाणं, १९७० मध्ये जमैकात मेलोडियन्सने गायलं, त्यांच्या रास्ताफारी श्रद्धेतून, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांचं बाबेल मनात धरून. १९७८ मध्ये बोनी एमने त्याचं डिस्को केलं. काकाने कॅसेट आणली आणि आमच्या घरात चार मुलं त्यावर नाचली. आजी वाल सोलत बसली होती. तिला शब्द कळेनात, काकाने अर्थ सांगितला. आम्हाला वाटलं आता धपाटे पडणार. ती म्हणाली, “नाचू देत. रडून रडून कंटाळले असतील ते लोक.” वहीत नोंद आहे : ‘रिवर्स ऑफ बाबेल. पोरं नाचली. बिरडं खारट झालं.’

लगेच पुढच्या शनिवारी ‘वाएथहानान’. तिच्यात ती ओळ आहे, ‘शेमा इस्रायल’, ऐक हे इस्रायला. गलबत फुटलं तेव्हा ग्रंथ बुडाले, हिब्रू हळूहळू विसरलं, सणांची नावं मराठी झाली, आणि शेकडो वर्षं आमच्यापाशी हीच ओळ तेवढी शाबूत होती असं सांगतात. बारसं असो, लग्न असो, मयत असो, तीच म्हणायची. त्या पानावर आजीने ओळच लिहिलीय, मराठी अक्षरांत. बाकी गाणं नाही. विचारलं असतं तर म्हणाली असती, गाणंच आहे की ते.

वर्षाच्या शेवटी ‘वायेलेख’. लहानशी पाराशा. मोशे १२० वर्षांचा झालाय, पलीकडे जाता येणार नाही हे त्याला कळलंय. देव त्याला म्हणतो, आता हे गीत लिहा, इस्रायलाच्या लेकरांना शिकवा, त्यांच्या तोंडी घाला. परंपरा म्हणते, ६१३ आज्ञांतली ही शेवटची, आणि ‘हे गीत’ म्हणजे नुसतं पुढचं कवन नाही, अख्खी तोराच. म्हणजे वंशावळी, राखेचे नियम, भिंतीची बुरशी, सगळं धरून तिने स्वतःला गाणं म्हटलंय.

त्या पानावर आजीने फक्त एक आकडा लिहिलाय : ५६.

मला कितीतरी वर्षं तो हिशेबाचा आकडा वाटायचा, वाण्याचा वगैरे. बाबांनी ‘गीतरामायणा’च्या कॅसेटचा संच आणला तेव्हा वेष्टनावरची यादी वाचताना उलगडलं. छपन्नावं गीत, ‘गा बाळांनो, श्रीरामायण’. वाल्मीकी लव-कुशांना रामापुढे गायला पाठवतोय. आणि पहिलं गीत कोणतं? ती दोघं गातायत आणि स्वतः राम ऐकतोय. शेवटच्या गीताचं टोक पहिल्याला जोडलेलं.

सिम्हाथ तोराच्या सणाला आमच्याकडेही तेच होतं. मोशे मरतो, शेवटची ओळ वाचून होते, आणि लगेच, त्याच बैठकीत, दुसरी गुंडाळी उघडून ‘आरंभी’पासून पुन्हा सुरुवात. गेल्या वर्षी खाली मिनियानची, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारी, दहा माणसं जेमतेम जमली होती, त्यात दोघे मुंबईहून बोलावलेले. नाचून झालं, मुलांना गोळ्या वाटून झाल्या, वाचणाऱ्याने नवी गुंडाळी उलगडली. वर गॅलरीत माझ्या शेजारी दिमोनाहून आलेली आत्याची नात बसली होती, पंधरा वर्षांची, मराठी मोडकं. तिने मला कोपराने ढोसलं.

“मावशी, तू काय गातेस? हे हिब्रू नाही.”

मी गातेय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. भूप होता.